शाळा झेपेना झाली, मग घरीच शिकवायचं का?

माझ्या लेकीची गणिताची एक वही मी जपून ठेवली आहे. ती १३ वर्षांची असतानाची. पानाच्या कोपऱ्यात तारीख, सरळ आखलेला समास, उदाहरणाचा क्रमांक. पहिली पायरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीत फक्त '=' हे चिन्ह आणि त्यापुढे काहीच नाही. समासात मात्र एक झाड आहे, त्याचं पान न् पान वेगळं काढलेलं. खाली लाल शाईत शेरा: "काम अपूर्ण. लक्ष नाही." घरी मीही तेच म्हणत होते. तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवता न येण्याची मेंदूतली अडचण, आहे हे कळायला आणखी सात महिने गेले. तोवर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं होतं आणि शाळेचं नाव काढलं की ती दार लावून घ्यायची.

पुढे दीड वर्ष ती घरी शिकली. त्या काळात अनेक पालकांनी मला एकच प्रश्न विचारला: "आम्हीही काढू का शाळेतून?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. शाळा सोडली की शाळेचा त्रास थांबतो, एडीएचडी मात्र मुलासोबत घरी येतो. घंटा, तासांची रांग, शेजारी बसून लिहिणारी पोरं, "वह्या काढा" असं सांगणारा कुणीतरी, हा सगळा आधार शाळा नकळत देत असते. तो आधार घरी आपल्या हातांनी उभा करावा लागतो. तो कसा उभा करायचा हाच खरा प्रश्न आहे. अभ्यासक्रम कोणता घ्यायचा हा त्यामानाने सोपा.

मेंदूतला कारभारी

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावातच घोळ आहे. या मुलांकडे लक्ष कमी असतं असं नाव ऐकून वाटतं. प्रत्यक्षात लक्ष असतं, पण ते हवं तिकडे वळवणं, तिथे टिकवणं आणि वेळ झाली की तिथून काढून घेणं जमत नाही. म्हणून आवडीच्या कामात हीच मुलं तीन-तीन तास मान वर करत नाहीत. "चित्र काढताना बरं लक्ष लागतं!" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ते मुलांना फार लागतं, कारण त्यांनाही तोच प्रश्न पडलेला असतो.

प्रत्येकाच्या मेंदूत एक कारभारी असतो असं समजा. काम कुठून सुरू करायचं, आधी काय, नंतर काय, किती वेळ लागेल, मधेच सुचलेलं बाजूला कसं ठेवायचं, कंटाळा आला तरी कसं रेटायचं, हे सगळं तो बघतो. ही कामं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेली आहेत. एडीएचडीत हा कारभारी उशिरा तयार होतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी कळसाला पोहोचते, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षाच्या आसपास. वाढीचा क्रम तोच, पण सुमारे तीन वर्षांचा उशीर, आणि सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली पालकांना एक ढोबळ हिशोब सांगतात: स्वतःला आवर घालण्याच्या बाबतीत ही मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात असं धरा. म्हणजे १५ वर्षांच्या मुलाकडून नियोजनाच्या बाबतीत १०-११ वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवायची. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. मला हा हिशोब कळला त्या दिवशी माझा अर्धा राग ओसरला. दहा वर्षांच्या मुलीला आपण "दोन आठवड्यांनी प्रकल्प द्यायचाय, तुझं तू बघ" असं सांगून मोकळे होतो का?

वेळेची जाणीव हा आणखी एक कच्चा दुवा. या मुलांच्या मनात वेळेचे दोनच कप्पे असतात, 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. पुढच्या महिन्यातली परीक्षा दुसऱ्या कप्प्यात असते. ती पहिल्या कप्प्यात येते परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि मग रडारड. त्यात कार्यकारी स्मरणशक्ती, म्हणजे काम होईपर्यंत सूचना मनात धरून ठेवण्याची ताकद, तोकडी. "वर जा, निळी वही आण, येताना दिवा बंद कर" यातलं एखादंच पोहोचतं.

किशोरवयातच हे का कोलमडतं? लहानपणी एकच बाई असतात, त्याच डायरी लिहून घेतात, घरीही कुणीतरी दप्तर भरून देतं. पुढे आठ विषय, आठ शिक्षक, लांबलचक प्रकल्प येतात आणि सगळे म्हणतात, "आता मोठा झालास." बाहेरचा आधार निघतो आणि आतला अजून तयार नसतो. भरीला झोप. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये हे आणखी ठळक दिसतं. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि शाळा मात्र भल्या सकाळी भरते.

मुलींचं थोडं वेगळं सांगायला हवं. वर्गात उड्या मारणारा, मधेच बोलणारा मुलगा लवकर नजरेत येतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही, म्हणून तिचं निदान राहून जातं. ती 'स्वप्नाळू', 'वेंधळी' ठरते. शेवटी ती स्वतःच ठरवते की मी मठ्ठ आहे.

दप्तर कायमचं ठेवण्याआधी

मोडतंय नेमकं काय, हे आधी शोधा. एडीएचडीसोबत वाचनाची, लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमता असणं अगदी सर्रास आढळतं. चिंता आणि नैराश्यही. मूल वाचायचं टाळतंय कारण लक्ष लागत नाही, की अक्षरंच नीट उलगडत नाहीत? हे कळलं नाही तर घरीही तोच धडा आणि तेच अश्रू. वर्गात कुणी छळतंय का, हेही पाहा. छळ होत असेल तर तो प्रश्न मुलाचा नाही, वर्गाचा आहे. डोळे आणि कान तपासून घ्या. साधी गोष्ट म्हणूनच ती राहून जाते.

मग शाळेशी एकदा लेखी बोला. पुढचा बाक, सूचना फळ्यावर लिहून देणं, मोठं काम तुकड्यांत मागणं, परीक्षेत जादा वेळ, हक्काने जाऊन बोलता येईल असा एक शिक्षक. एवढ्यानेही कित्येक मुलं तगतात. इंग्लंडमध्ये मान्य झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत बहुधा २५ टक्के जादा वेळ मिळतो. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याच्या ५०४ क्रमांकाच्या कलमाखाली अशा सवलतींचा आराखडा मागता येतो. आम्ही हे सगळं मागितलं. "असं एकेकासाठी करत बसलो तर वर्ग कसा चालायचा?" असं उत्तर मिळालं. तेव्हा आमचा निर्णय झाला. पण ज्या शाळेत एक तरी माणूस ऐकून घेणारा आहे, तिथून मूल काढताना मी दहादा विचार करीन.

घरी शिकण्याच्या वाटा

लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: आई टेबलापाशी, मूल समोर, दिवसभर. प्रत्यक्षात वाटा बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींत मिसळताही येतात.

पालकांनीच शिकवायचं, ही पहिली. वेग मुलाचा, पुस्तकं आपल्या निवडीची. बीजगणित अडलं तर आठ दिवस तिथेच थांबता येतं, इतिहास आवडला तर दोन दिवसांत चार धडे. एडीएचडीसाठी ही मोकळीक मोलाची आहे. पण दिवसा घरी एक मोठं माणूस लागतं, ज्याचं डोकं शांत आहे. दोघंही पालक दिवसभर बाहेर असतील आणि १४ वर्षांचं मूल एकटं बसून शिकेल अशी आशा असेल, तर ती सोडा. एकट्याने काम सुरू करणं हीच तर त्याची अडचण आहे.

दुसरी वाट ऑनलाइन शाळेची. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण जाहिरातींत तो पुसट असतो. एका प्रकारात ठरलेल्या वेळी शिक्षक समोर असतात, हजेरी होते, प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या प्रकारात ध्वनिचित्रफिती आणि स्वाध्याय असतात, "तुमच्या सोयीने करा". दुसरा प्रकार ऐकायला छान वाटतो आणि एडीएचडी असलेल्या मुलासाठी बहुतेक वेळा घातक ठरतो. 'तुमच्या सोयीने' म्हणजे 'आत्ता नाही'च्या कप्प्यात. आम्ही तीन महिने हा प्रकार केला. ४० पाठांपैकी ६ झाले, आणि उरलेल्या ३४ चा लाल आकडा रोज पडद्यावर दिसायचा. तो आकडाच तिला खाऊ लागला. पुढे आठवड्याला दोन थेट तास घेणारे शिक्षक मिळाले आणि त्यांच्याकडे तोच विषय मार्गी लागला. ऑनलाइन निवडणार असाल तर लहान तुकडी, थेट तास आणि कॅमेऱ्यापलीकडून नावाने हाक मारणारा शिक्षक बघा. आणि जिथे धडा दिसतो त्याच यंत्रात खेळ, गप्पा, व्हिडिओ सगळं बसलेलं असतं हे विसरू नका.

मिश्र वाट मला सगळ्यात आश्वासक वाटते. आठवड्यातले काही दिवस किंवा काही विषय शाळेत, बाकीचे घरी. प्रयोगशाळा, खेळ, चित्रकला, मित्र शाळेत राहतात. जिथे जीव गुदमरतो ते विषय घरी येतात. इंग्लंडमध्ये याला फ्लेक्सी-स्कूलिंग म्हणतात आणि ते मुख्याध्यापकांच्या संमतीवर अवलंबून असतं. बऱ्याच ठिकाणी अशी अधिकृत सोय नसते, तरी विचारून पाहायला हरकत नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस मुलांना एकत्र बसवणं हाही याचाच एक अवतार.

खासगी शिक्षकांवर सगळं सोपवणं ही खर्चाची वाट. एका शिक्षकावर दिवसभर भिस्त ठेवण्यापेक्षा एक-दोन नेमके विषय बाहेर द्यावेत, असं माझं मत.

अनस्कूलिंगचं नावही कानावर येईल. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. मूल आपल्या कुतूहलाच्या मागे जाऊन शिकेल, अभ्यासक्रम लादू नका, असा त्याचा गाभा. कल्पना मला मनापासून आवडते. पण ज्या मुलाला सुरुवात करणं आणि शेवटाला नेणं या दोनच गोष्टी अवघड जातात, त्याच्यासाठी ती जशीच्या तशी चालत नाही. दिवसातला एक भाग तिच्या कुतूहलाला आणि उरलेला चौकटीला, असं आम्ही केलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, पण तपासायचं आधी. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं बंधनकारक आहे आणि अगदी अपवाद सोडले तर घरशिक्षणाला परवानगी नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाला योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांची असते, मग ते शाळेत मिळो की अन्य मार्गाने. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरशिक्षण वैध आहे, नियम मात्र दर राज्यात वेगळे. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. शाळेतून नाव काढण्याची चिठ्ठी देण्याआधी आपल्या भागाचा नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

त्याच बैठकीत प्रमाणपत्राचाही विचार करा. पुढे ज्या दारातून जायचंय तिथे कोणती परीक्षा चालते, ती बाहेरून देता येते का, वयाची अट काय, सवलती मिळतात का आणि त्यासाठी निदानाचा अहवाल किती जुना चालतो? एडीएचडीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: विषय सुटे सुटे देता येतात का? भारतातल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय करत परीक्षा पूर्ण करता येते. केंब्रिजसारख्या मंडळांच्या परीक्षाही नोंदणीकृत केंद्रामार्फत खासगी विद्यार्थी म्हणून देता येतात. सहा विषयांचा डोंगर एकदम समोर न ठेवता दोनच टेकड्या ठेवल्या की आमच्या मुलीचा श्वास मोकळा झाला.

पहिला महिना

शाळा सुटल्यावर मुलं काही काळ काहीच करत नाहीत. वर्षानुवर्षांचा अपमान अंगातून उतरायला वेळ लागतो. काहीजण सांगतात की महिनोन्महिने मोकळं सोडा. मी तसं सांगणार नाही. दोन-तीन आठवडे अभ्यास पूर्ण बंद ठेवा, पण उठण्याची वेळ, अंघोळ आणि घराबाहेर एक फेरी एवढं तरी पक्कं ठेवा. नाहीतर रात्रीचा दिवस होतो, आणि ते उलटं चाक पुन्हा फिरवायला महिने लागतात.

माझी चूक उलट होती. पहिल्याच सोमवारी मी रंगीत वेळापत्रक भिंतीवर लावलं, सकाळी आठ ते दुपारी तीन, दर पाऊण तासाला विषय. चौथ्या दिवशी ते तिनेच शांतपणे काढून घडी करून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आई, ही शाळाच आहे. फक्त मैत्रिणी नाहीत." त्या दिवसानंतर कोणतीही चौकट मी तिच्याशिवाय आखली नाही.

दिवस कसा बांधायचा

शाळेचे सहा तास म्हणजे अभ्यासाचे सहा तास नव्हेत. हजेरी, रांगा, इतरांचे प्रश्न, वह्या तपासणं यात बराच वेळ जातो. एकास एक शिकताना आमच्याकडे दिवसाला अडीच-तीन तास नेटाचं काम झालं की पुरायचं. त्यापुढे ताणलं की दुसरा दिवस वाया.

वेळ डोळ्यांना दिसेल अशी ठेवा. भिंतीवर काट्यांचं घड्याळ, टेबलावर उलटं मोजणारा टायमर. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी ही पोमोडोरो पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. आम्ही तीच घेतली, पण २५ मिनिटं तिला जड गेली. १२ वर आलो. सहा महिन्यांनी ती स्वतःहून २० वर गेली. आकडा मुलाकडून ठरवा, पुस्तकातून नको.

"अभ्यासाला बस" ही सूचना नाहीच. त्यात कुठला विषय, कुठलं पान, कुठून सुरुवात, काहीच नसतं. "पान ४२ वरच्या तिसऱ्या उदाहरणाची फक्त पहिली ओळ लिही" ही सूचना आहे. सुरुवात इतकी लहान करा की नाही म्हणायला जागा उरू नये. पहिली ओळ उतरली की पुष्कळदा पुढच्या आपसूक येतात. मुलं आळशी असल्याचा आरोप आपण जिथे करतो तिथे बहुधा सुरुवातीचा हा उंबरठाच उंच असतो.

सोबत हा तर सगळ्यांत स्वस्त उपाय. मूल काम करत असताना त्याच टेबलाशी तुम्ही तुमचं काम करायचं. शिकवायचं नाही, डोकवायचं नाही, नुसतं असायचं. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात. माझ्या लेकीचे गणिताचे तास मी शेजारी बसून माझे हिशोब लिहीत काढले. मी उठून गेले की पाच मिनिटांत तिचं पेन थांबायचं. तिला ते कळायचंही नाही.

दिवसाची कामं तिच्या डोक्यात नाही, भिंतीवर हवीत. पांढऱ्या फळ्यावर तीनच ओळी. चौथी लिहायची तर आधी एक पुसायची. पूर्ण झालेली ओळ तिनेच पुसायची, तो तिचा हक्क. बक्षीस लांबचं नको. "वर्षाच्या शेवटी सायकल" ही या मेंदूला अफवा वाटते. काम संपताच मिळणारी १५ मिनिटं चित्रकलेची, ही खरी.

हालचाल सुट्टीत ठेवू नका, कामातच घाला. उभ्याने वाचणं, फेऱ्या मारत पाठ म्हणणं, हातात काहीतरी चिवडत ऐकणं. आणि वाचून वाचून पाठ करण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावा: "काय आठवतंय ते फळ्यावर लिही." आठवण्याचा प्रयत्न केल्याने ते जास्त पक्कं बसतं, हे शिकण्यावरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एडीएचडी असलेल्या मुलांना ते आणखी एका कारणाने मानवतं: नुसतं पान बघत बसण्यात मन निसटतं, आठवताना निसटायला वाव कमी.

एडीएचडीचं औषध चालू असेल तर मूल घरी आहे म्हणून ते परस्पर बंद करू नका. मिथिलफेनिडेटसारख्या औषधाचा असर काही तासच टिकतो. तो कधी सुरू होतो आणि कधी ओसरतो हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि सगळ्यात अवघड विषय त्या वेळात बसवा. भूक मंदावली, झोप उडाली तर लिहून ठेवा आणि दाखवा. घरी असल्याचा हा मोठा फायदा, शाळेत जे कुणी टिपत नव्हतं ते तुम्ही टिपू शकता. आणि मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा भाषेत बोलू लागलं, तर अभ्यास, शाळा, परीक्षा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आई की बाई

घरशिक्षणात सगळ्यात आधी ताण पडतो तो नात्यावर. सकाळी मी चुका काढणारी, दुपारी टायमर लावणारी, संध्याकाळी फोन काढून घेणारी. तिच्यासाठी मी आई उरलेच कधी? चौथ्या महिन्यात एका रात्री ती म्हणाली, "तू माझ्याशी फक्त अभ्यासाचं बोलतेस." खरं होतं ते. आम्ही संध्याकाळी सहानंतर अभ्यासाचा एक शब्दही काढायचा नाही असं ठरवलं. हा नियम तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी होता. आणि ज्या विषयावर सगळ्यात जास्त भांडण व्हायचं, ते गणित, दुसऱ्याकडे दिलं. परक्या माणसापुढे मुलं जे ऐकतात ते आपलं ऐकत नाहीत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे मुलासाठी चौकट बांधायला निघालेल्या आई-बाबांपैकी एखाद्याला तोच त्रास असणं सहज शक्य आहे. माझ्या नवऱ्याचं निदान लेकीनंतर झालं, चाळिशी उलटल्यावर. कागदपत्रं, तारखा, नोंदणी यांचं काम त्याच्याकडे द्यायचं नाही हे त्यानंतर विनातक्रार ठरलं. तिच्यासोबत मैदानावर जाणं, यंत्रं खोलून पुन्हा जोडणं हे त्याचं, आणि तिथे तो माझ्यापेक्षा फार चांगला शिक्षक होता.

मित्रांचा प्रश्न टाळू नका. शाळा सुटली की मैत्रिणी पहिला महिना फोन करतात, मग हळूहळू विरतात. आठवड्यातून दोनदा तरी समवयस्क मुलांसोबत ठरलेलं काहीतरी हवं: खेळाचा संघ, नाटकाची तालीम, वाचनालयातला गट. नुसतं "कुणाला तरी बोलाव ना" म्हणून होत नाही. बोलावणं हेही नियोजनाचंच काम आहे.

कुणी घरशिक्षणाकडे वळू नये, तेही स्पष्ट सांगते. घरात आधीच रोज आवाज चढत असतील, मूल स्वतः शाळा सोडायला तयार नसेल, किंवा शाळेतलेच मित्र त्याचा एकमेव आसरा असतील तर थांबा. आणि निर्णय घेतलाच तर तो तीन महिन्यांसाठी घ्या. तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी गुणांकडे नको, झोप, भूक, हसणं, घरातले आवाज आणि मूल न सांगता काय काय सुरू करतंय याकडे बघा.

आमची लेक दोन विषयांची परीक्षा बाहेरून देऊन, १५ व्या वर्षी एका लहान शाळेत परत गेली. जाण्याआधी नव्या वर्गशिक्षिकेला द्यायला तिने स्वतः एक पान लिहिलं. वर मोठ्या अक्षरात 'मला काय लागतं'. खाली पाच ओळी. सूचना लिहून मिळाल्या तर बरं. एका वेळी एकच काम सांगा. मी खिडकीबाहेर बघत असले तर रागावू नका, बाकावर हलकेच बोट वाजवा. वेळ संपायला दहा मिनिटं उरली की सांगा. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: समासात झाड काढत असले तर मी ऐकत असते.